दम आधी येतो, हाड मागाहून

प्रश्न : वय ४४. रोज अर्धा तास चालते. आता धावावंसं वाटतं, पण सासूबाई म्हणतात, बाईने धावलं की गर्भाशय खाली सरकतं आणि गुडघे कामातून जातात. चालणं पुरेसं नाही का?

उत्तर : हृदयासाठी भराभर चालणं उत्तमच. हाडांचं मात्र वेगळं असतं, त्यांना दणका लागतो. धावताना दर पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो आणि तो सोसायला हाड घट्ट होतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन (हाडं जपणारं बायकांचं हार्मोन) घटतं, हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. त्याआधी सुरुवात केलेली बरी.

धावण्याने गर्भाशय सरकत नाही. ही भीती फक्त आपल्याकडची नाही. १९२८ नंतर बायकांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढली ती थेट १९६० साली परत आली, मॅरेथॉनला तर १९८४ उजाडलं! मात्र अंग बाहेर येत असेल तर आधी तपासून घ्या. गुडघ्यांचं म्हणाल, तर हौसेने धावणाऱ्यांत झीज जास्त दिसत नाही. दुखतात ते घाईने.

ती घाई अशी होते. तीन-चार आठवड्यांत दम वाढतो, वाटतं आता पाच किलोमीटर सहज जमेल. हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला मात्र महिने लागतात. म्हणून आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून धावा. पाच मिनिटं चालून अंग गरम करा. मग १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दोन आठवड्यांनी धावणं २ मिनिटं करा, पुढे हळूहळू वाढवा. वेग इतकाच, की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पावलं छोटी टाका. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि धक्का गुडघ्यात जातो.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. स्पोर्ट्स ब्रा मापाची घ्या, दुकानात जागेवर दहा उड्या मारून बघा. नडगी सगळीकडे दुखली तर आठवडाभर कमी करा. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ आली तर धावणं बंद, हाडाला तडा असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणाला वर्ष झालं. धावताना थोडी लघवी होते. म्हणून पाणी न पिता जाते.

उत्तर : पाणी तोडू नका, लघवी गडद झाली की मूत्राशय उलट जास्त चिडतं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, ते सैल झालेत. वायू रोखताना आवळतो तसे आवळा, ८ सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा. असं ८ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. (बऱ्याच जणी नेमकं तेच करतात.) लघवी करताना अडवून सराव करू नका. तोवर चाला. फरक पडला नाही तर स्त्रियांच्या फिजिओथेरपिस्टला भेटा. नवबाळंतिणींनी १२ आठवड्यांआधी धावायला जाऊच नये.

प्रश्न : दोन महिने धावतेय, तरी धाप लागते. हिमोग्लोबिन १०.२ आहे.

उत्तर : दोष सरावाचा नसावा. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांना विचारून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही सांगा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. रक्त भरेपर्यंत फक्त चालणं.