ग्रंथालयशास्त्राची पदवी पदवीनंतरच का?

प्रश्न : माझी मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए. झाली असून तिला ग्रंथपाल व्हायचे आहे. पदवी हाती असताना पुन्हा एक वर्षाची बी.लिब. ही पदवी आणि त्यापुढे एम.लिब. करावी लागते, हे ऐकून घरातली मंडळी बुचकळ्यात पडली आहेत. इतर विषयांप्रमाणे हा विषय बारावीनंतर का शिकवत नाहीत? तो विद्यापीठात आला तरी कधी? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : याचे कारण या अभ्यासक्रमाच्या जन्मकथेत आहे. इतर विषय विद्यापीठाच्या वर्गातून बाहेर पडले. ग्रंथालयशास्त्र मात्र ग्रंथालयात काम करणाऱ्यांच्या गरजेतून उभे राहिले आणि विद्यापीठांनी ते मागाहून आपलेसे केले. अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा काढली, तेव्हा ते तिथले ग्रंथपालच होते. पहिल्या तुकडीतील वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांना स्त्रियांचा हा प्रवेश रुचला नाही आणि दोनच वर्षांत ही शाळा ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयात हलवावी लागली. तुमच्या मुलीला हा तपशील अवश्य सांगा.

आपल्या देशातला आरंभ बडोद्याचा, आणि त्याचा धागा खानदेशाशी जुळतो. सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ मध्ये मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, आणि मालेगाव त्या वेळी खानदेशातच मोडत असे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केल्यानंतर, शाळा सोडलेल्या मुलाला वाचायला पुस्तकच मिळाले नाही तर शिकलेले अक्षर विसरायला वेळ लागणार नाही, हे महाराजांनी ओळखले आणि गावोगाव वाचनालये काढण्याचे ठरवले. त्यासाठी त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. एवढी वाचनालये चालवायची तर प्रशिक्षित माणसे हवीत, म्हणून बॉर्डन यांनी १९११ मध्ये बडोद्यात भारतातला पहिला ग्रंथालय-प्रशिक्षण वर्ग सुरू केला. पुढच्याच वर्षी तिथून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत एक ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले. हा वर्ग कोणत्याही विद्यापीठाचा नव्हता, राज्याच्या ग्रंथालय खात्याचा होता. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात ड्यूईंचेच शिष्य असलेल्या डिकिन्सन यांनी असाच वर्ग घेतला.

तरीही आजच्या बी.लिब.चा साचा पडला तो मद्रासला. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनी या विषयाचे कोणतेच शिक्षण घेतलेले नव्हते. ते त्यांनी नेमणुकीनंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घेतले. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने त्यांच्या पुढाकाराने उन्हाळी वर्ग काढला, १९३१ मध्ये विद्यापीठाने तो आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याला एक वर्षाच्या पदव्युत्तर डिप्लोमाचे रूप मिळाले. आधी एखाद्या विषयाचे सखोल शिक्षण आणि मग ग्रंथालयाचे तंत्र, हा क्रम तिथे रुळला. माझ्या मते तो योग्यच आहे, कारण रसायनशास्त्राचा संशोधक, तमाशाचा अभ्यासक आणि स्पर्धा परीक्षेचा उमेदवार हे तिघेही एकाच देवघेव खिडकीपाशी येतात, आणि ज्याने स्वतः कोणताच विषय मुळापासून वाचलेला नाही, त्याला दुसऱ्याची शोधाची वाट कळणे अवघड असते.

पुढे १९४० च्या दशकात बनारस, मुंबई, कलकत्ता आणि दिल्ली येथे असेच डिप्लोमा आले. दिल्लीत तर पदव्युत्तर पदवीचीही सोय झाली. पुणे विद्यापीठात हे शिक्षण १९५८ मध्ये सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यापीठे एकेक करून डिप्लोमाला ‘बॅचलर ऑफ लायब्ररी सायन्स’ असे नाव देऊ लागली. नाव बदलले, पण पदवीनंतरचे एक वर्ष हा जुना साचा तसाच राहिला. तुमच्या घरी जो प्रश्न पडला, त्याचे मूळ या नामांतरात आहे. पुढे संगणक आल्यावर नावात ‘माहितीशास्त्र’ जोडले गेले. वर्गीकरण (पुस्तके विषयवार लावणे) आणि तालिकीकरण (त्यांच्या पद्धतशीर नोंदी करणे) हा अभ्यासक्रमाचा कणा मात्र अजून टिकून आहे, आणि मुलांना सर्वांत जास्त घाम फुटतो तोही तिथेच. काही विद्यापीठांत आता बी.लिब. आणि एम.लिब. मिळून दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रमही असतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सोय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात होते.

प्रश्न : माझी बी.लिब.ची पदवी १९८० च्या दशकातली असून तिच्यावर पुणे विद्यापीठाचे नाव आहे. आमचे गाव आता जळगावच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. ती पदवी चालेल का? शिवाय गावच्या वाचनालयात काम करण्यासाठी पदवी लागतेच का? – एक वाचक, शहादा

उत्तर : पदवी देणारे विद्यापीठ त्या वेळी मान्यताप्राप्त होते, एवढे पुरेसे आहे. खानदेशातली महाविद्यालये पूर्वी मुंबई विद्यापीठाशी आणि १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्यामुळे एकाच घरात वडिलांच्या, मुलीच्या आणि नातवाच्या प्रमाणपत्रांवर विद्यापीठाची तीन वेगवेगळी नावे दिसू शकतात. आपल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत हवी असेल, तर अर्ज जळगावला न करता पुण्याला करावा.

सार्वजनिक वाचनालयांचा मामला निराळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडलेले असतात आणि वर्ग जितका वरचा, तितकी ग्रंथपालाच्या पात्रतेची अपेक्षा वाढत जाते. लहान वाचनालयांतील सेवकांसाठी ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. बडोद्याच्या त्या पहिल्या वर्गाचा खरा वारस मला हा प्रमाणपत्र वर्गच वाटतो, कारण तोही खेड्यातल्या वाचनालयासाठीच माणसे घडवतो. आपल्याकडे पदवी असल्याने तो करण्याची गरज नाही. महाविद्यालयातले ग्रंथपालपद हवे असेल, तर मात्र एम.लिब. आणि नेट किंवा सेट या पात्रता परीक्षांचा विचार करावा लागेल. तो आपण वय आणि हौस पाहून करावा.