पल्सची ताकद थोडी चुकली तरी क्यूबिट नीट उलटवता येतो का?

तुमची अडचण अशी दिसते: मायक्रोवेव्ह किंवा लेझर पल्सची ताकद पाच-दहा टक्के कमीजास्त होतेच, मग क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वात लहान घटक, ० वरून १ वर अचूक न्यायला यंत्रणा आणखी स्थिर करण्यावाचून उपाय नाही का?

आहे, आणि तो क्यूबिटच्या जमान्याआधीचा आहे. १९७९ मध्ये लेविट आणि फ्रीमन यांनी एनएमआरसाठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचा रेडिओ पल्सने अभ्यास करण्याच्या तंत्रासाठी, तो मांडला. मी एनएमआरकडूनच या विषयात आलो, म्हणून पक्षपात धरून चाला. पण इतकी देखणी युक्ती मला दुसरी दिसलेली नाही.

क्यूबिटची स्थिती ब्लॉख गोल नावाच्या गोलावर बाणाने दाखवतात: उत्तर ध्रुव म्हणजे ०, दक्षिण ध्रुव म्हणजे १, आणि पल्स त्या बाणाला एखाद्या अक्षाभोवती फिरवते. १८० अंशांची एकच पल्स न देता लागोपाठ तीन द्यायच्या: एक्स अक्षाभोवती ९०, वायभोवती १८०, पुन्हा एक्सभोवती ९०. अक्ष बदलायला पल्सची फेज (लहरीचा टप्पा) बदलली की झालं. आता समजा ताकद १० टक्के जास्त आहे. ब्लॉख गोलावर उत्तर ध्रुवापासून निघालेला बाण ९९ अंश फिरतो आणि विषुववृत्ताच्या ९ अंश खाली जातो. मधली पल्स त्याला उलटून जवळपास ९ अंश वर आणते. तीही १९८ अंश फिरवते खरी, पण बाण जवळजवळ वाय अक्षावरच असल्याने त्या जादा १८ अंशांनी फारसं बिघडत नाही. शेवटची पल्स पुन्हा ९९ अंश फिरवते, आणि दक्षिण ध्रुव आता बरोबर तेवढाच लांब असतो! एकट्या पल्सने क्यूबिट न उलटण्याची शक्यता सुमारे २.४ टक्के असते. या तिघींनी ती ०.०६ टक्क्यांवर येते.

मात्र हे सुरुवात ध्रुवावरून असेल तरच. क्यूबिट आधीच सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे ० आणि १ च्या मिश्र स्थितीत, असेल तर विम्पेरिसची १९९४ ची बीबी१ मालिका वापरा, ती कुठल्याही सुरुवातीला चालते. हल्ली ग्रेपसारखे अल्गोरिदम पल्सचे बारीक तुकडे करून प्रत्येकाची ताकद आणि फेज संगणकावर ठरवतात, तेही चुकांचा अख्खा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून.

किंमत वेळेत मोजावी लागते. वरच्या मालिकेला दुप्पट वेळ लागतो, तेवढ्यात डिकोहिरन्स (परिसराच्या प्रभावाने क्यूबिटची क्वांटम स्थिती बिघडणं) आपलं काम करतो. शिवाय तिन्ही पल्समध्ये चूक सारखीच असेल तरच ती कटते. मालिका चालू असतानाच ताकद हेलकावत असेल तर यंत्रणाच सुधारावी लागेल. म्हणून आधी तुमची चूक किती वेगाने बदलते ते मोजा, मालिका नंतर निवडा.