लग्नसराईत कीर्द लिहा, खतावणी पौषात

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते. हाताखाली दोघी जणी आहेत. गेल्या पाडव्याला मुलाने टॅब घेऊन दिला, तेव्हापासून त्यावर बुलेट जर्नल, म्हणजे ठिपके-खुणा करून छोट्या नोंदी ठेवायची वही, लिहिते. अनुक्रमणिका, वर्षाचं पान, महिन्याचं, आठवड्याचं, रोजचं. शिवाय ऑर्डरी, मापं, अस्तर-लेसचा साठा, उधारी, पाणी किती प्यायले, चालले किती, मन कसं होतं याचे रंगीत चौकोन. एका पानावरून दुसऱ्यावर जायला लिंका केल्या आहेत. आता तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या ऑर्डरी अंगावर येतील, आणि माझे दिवाळीतच हाल झाले. रात्री मशीन बंद केल्यावर पाऊण तास पानं भरण्यात जातो. राहिलेली कामं उद्याच्या पानावर नेता नेता यादी वाढतच जाते. एका गिऱ्हाइकाची ट्रायल तीन पानांवर लिहिली होती आणि त्यातल्या एका पानावर तारीख वेगळी होती! सगळं सोडून द्यावंसं वाटतं. पण सासूबाई गेल्यापासून रोज रात्री एक ओळ मी स्वतःसाठी लिहिते, ती सवय याच वहीमुळे लागली. ती तुटेल अशी भीती वाटते. काय ठेवू, काय काढू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, ती एक ओळ ठेवा. बाकीच्याचं आता बोलू.

मी इचलकरंजीला कापडाच्या पेढीवर हिशेब लिहीत असे. तिथे दोन वह्या असत. दिवसभरात जे घडेल ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत उतरायचं, आणि मग तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर, खतावणीत. दिवाळीच्या गर्दीत कीर्द एक दिवसही थांबत नसे, कारण आजचा व्यवहार आज लिहिला नाही तर तो गेलाच. खतावणी मात्र गर्दी ओसरली की बसून लिहिता येई, कारण तिला लागणारं सगळं कीर्दीत होतंच. तुमचं रोजचं पान ही कीर्द आहे. साठा, उधारी, सवयी, रंगीत चौकोन ही सगळी खतावणी. तुम्ही सध्या दोन्ही वह्या रोज रात्री लिहिताय, तेही दिवसभर मशीनवर बसल्यानंतर. पाऊण तास तिथे जातो.

आता वाढत जाणाऱ्या यादीचं. बुलेट जर्नलची पद्धत रायडर कॅरोल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१३ मध्ये लोकांपुढे मांडली. लहानपणापासून त्यांचं लक्ष एका जागी टिकत नसे, म्हणून ती त्यांनी आधी स्वतःसाठी घडवली होती, आणि घडवली ती कागदी वहीसाठी. राहिलेलं काम पुढच्या पानावर न्यायचं तर ते पुन्हा हाताने लिहायला लागतं, आणि लिहिताना हात कुरकुरतो. ‘हे खरंच करायचंय का?’ हा प्रश्न त्या कुरकुरीतून येतो, आणि नको असलेली कामं तिथेच गळून पडतात. टॅबवर तुम्ही दहा ओळींभोवती एक वेढा काढता, उचलता आणि उद्याच्या पानावर चिकटवता. हाताला काही कष्टच पडत नाहीत, म्हणून काहीच गळत नाही. दिवाणखान्याच्या पडद्यांचं शिवणकाम आषाढापासून पानापानावर फिरत असेल तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून पहिला नियम : रोजची कामं कॉपी करायची नाहीत. उद्याच्या पानावर जायचं असेल तर पेनाने पुन्हा लिहायचं. अकरा वाजता, दमलेल्या हाताने जे लिहावंसं वाटेल तेवढंच उद्याचं.

चालू वही पुसू नका, तिच्यात भरही घालू नका. तिची एक पीडीएफ काढून ड्राइव्हवर ठेवा आणि लग्नसराईसाठी कोरी, साध्या पानांची वेगळी वही उघडा. तारखा छापलेला तयार प्लॅनर अजिबात नको. त्यात एक दिवस चुकला की कोरं पान तसंच डोळ्यांपुढे राहतं आणि माणूस हिरमुसतो. साध्या वहीत तारीख आपण घालायची, दोन दिवस लिहिलं नाही तर पुढची ओळ तिसऱ्या दिवसाची. खुणाही मूळच्या चारच ठेवा : कामाला ठिपका, झालं की त्यावर फुली, ठरलेल्या भेटीला गोल, नोंदीला आडवी रेघ. रंग एकच. लिंका नकोत, एवढ्याशा वहीत बोटाने पान उलटणं जास्त सोपं.

या वहीत पहिलं पान फक्त तारखांचं. एका ऑर्डरीला एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला पावती क्रमांक. मापं तुमच्या मापाच्या वहीत आहेत, कापड-नक्षीचा तपशील पावती पुस्तकात आहे, पैसेही पावतीवर आहेत. ते टॅबवर पुन्हा उतरवायचं कारण नाही. तीन पानांवर एकच ट्रायल लिहिली की एखादी तारीख चुकणारच. तुमच्या स्मरणशक्तीचा त्यात दोष नाही. एक गोष्ट एकाच ठिकाणी असली की तिची तारीख बदलली तरी एकाच जागी खोडायला लागते.

आणि या पानावरचा क्रम लग्नाच्या तारखेने लावू नका. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा लग्न १२ डिसेंबरचं आहे. ब्लाउज ८ ला हातात द्यायचा, म्हणजे ट्रायल ४ ला. साधा असेल तर कटिंग नोव्हेंबरच्या शेवटी चालेल. पण त्यावर आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेलं भरतकाम, असेल तर मार्किंग करून कापड २० नोव्हेंबरपर्यंत कारागिराकडे पोचायला हवं, कारण आरीचं काम आधी आणि शिलाई नंतर. दुसरीकडे १ डिसेंबरच्या लग्नाचा साधा ब्लाउज २२ नोव्हेंबरला कापला तरी होतो. म्हणजे उशिराच्या लग्नाचं काम आधी सुरू होतं! म्हणून ज्या दिवशी तुमच्या हातून पहिली गोष्ट व्हायला हवी ती तारीख डावीकडे लिहा आणि ओळी त्या क्रमाने लावा. अस्तर पाण्यातून काढून वाळवायचं असेल तर तो दिवसही त्यात धरा. ती पायरी झाली की तारीख खोडून पुढच्या पायरीची घाला आणि ओळ उचलून खाली सरकवा. इथे मात्र टॅबचा वेढा जरूर वापरा. कागदावर हे पान रोज नव्याने लिहावं लागलं असतं. टॅब घेतल्याचं चीज होतं ते या पानावर.

दुसरं पान आजचं. पान मोठं न करता, न सरकवता पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच. सकाळी मशीनवर बसण्याआधी तारखांच्या पानावरून त्यात चार-पाच ओळी घ्या. दिवसभरात फोन येतात, कोणी गळा मागून खोल करायला सांगतं, लटकन बदलायला सांगतं. हाताला खडू असेल तर मराठी कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, ‘पावती ११४, लटकन सोनेरी’. शब्द थोडे इकडेतिकडे उमटले तरी कळतं. संध्याकाळी तो बदल मूळ पावतीवर चढवायचा आणि ओळीवर फुली मारायची.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. टॅब तुमच्याकडे असतो, काम मात्र तिघींचं आहे. हाताखालच्या दोघींनी प्रत्येक वेळी ‘आता कुठला घेऊ?’ म्हणून तुम्हाला विचारायचं, हा तुमच्या दिवसातला मोठा खर्च आहे आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही. प्रत्येक कापडाच्या पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावा : पावती क्रमांक आणि पुढच्या पायरीची तारीख. पिशव्या तारखेप्रमाणे फळीवर लावल्या की दोघींना डावीकडची पहिली पिशवी उचलायची एवढंच राहतं. हुक-काजं, हातशिलाई, इस्त्री यांची यादी टॅबवर करूच नका.

पाण्याचा आणि चालण्याचा तक्ता बंद करा. तांब्या मशीनशेजारी भरून ठेवा. मनाचे रंगीत चौकोनही बंद. तुमची एक ओळ त्या चौकोनांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

त्या ओळीसाठी शेवटचं पान राखून ठेवा. कामाच्या पानावर ती लिहू नका, नाहीतर ठिपक्यांच्या गर्दीत ती पण एक काम होऊन बसेल. रात्री आधी ती ओळ लिहा, मग उद्याची कामं. दमून डोळा लागला तर उद्याची कामं सकाळीही लिहिता येतात. सासूबाईंची आठवण आलेली रात्र मात्र सकाळपर्यंत तशी राहत नाही.

पौष लागला की लग्नं थांबतात आणि तुम्हाला दुपारी थोडी उसंत मिळेल. तेव्हा जुनी वही उघडा आणि एकेका पानाला विचारा, दोन महिने हे नव्हतं तर कुठे अडलं? लेस-अस्तराच्या साठ्याचं पान बहुधा परत लागेल, उधारीचंही लागेल. ज्याच्याविना काही अडलं नाही ते जुन्या वहीतच राहू द्या.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या असतात. फोनमध्ये रिमाइंडर असताना डिजिटल जर्नल आणखी कशाला, असं घरचे म्हणतात. दोन्ही ठेवावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवा, पण कामं वाटून द्या. ज्याला घड्याळातली वेळ आहे ते फोनकडे : पर्यवेक्षणाची पाळी, मॉडरेटरची (तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणाऱ्यांची) बैठक, गठ्ठा जमा करण्याचा दिवस. फोन वाजेल, तुम्ही निघाल. ज्याला वेळ नाही, फक्त प्रमाण आहे, ते जर्नलकडे : गठ्ठ्यातल्या किती झाल्या, किती उरल्या, कुठल्या प्रश्नाच्या गुणदानाबद्दल शंका आहे. शंका लिहिताना प्रश्न क्रमांक घाला, म्हणजे बैठकीत पान उघडून सगळ्या एकदम विचारता येतील. उत्तरपत्रिकांचे फोटो किंवा बैठक क्रमांक मात्र टॅबवर कधीच घेऊ नका. तपासणी गोपनीय असते. तपासणीच्या काळात जर्नलला दिवसाला एक पान पुष्कळ झालं.