आजीच्या लुगड्याचं दुपटं

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांची आहे. आजीचं जुनं इरकली लुगडं तिच्यासाठी वापरावंसं वाटतं, पण कात्री लावायला हात धजत नाही. वेळही मिळत नाही.

उत्तर : अगं, लाव कात्री! मीही माझ्या सासूबाईंचं लुगडं सात वर्षं डांबरगोळ्यांत ठेवलं आणि घडीवरच विरलं. आधी उजेडात धरून बघ. निऱ्यांचा आणि बसायचा भाग झिजलेला असतो, तो सोड. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का तेही पाहा. लाल पदर हमखास दगा देतो. तो रेशमी असतो, बाळाच्या अंगाला नकोच. काठासकट वेगळा ठेव, पुढे परकराला लागेल.

सुती अंगाचे मीटरभर लांबीचे चार तुकडे एकावर एक ठेवून कच्चे टाके घाल. मग कडेपासून आत धावदोरा. रोज एकच ओळ, बाळ झोपलं की. माझ्या दुपट्याला पाच महिने लागले, मधल्या दोन ओळी तर सापासारख्या गेल्यात. उसवल्या नाहीत. मणी, आरसे, गोंडे मात्र नकोत, सगळं तोंडात जातं. आणि सुई रात्री मोजून डबीत ठेव.