आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) शोअर पॉवरला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला, जोडली, तरी बॅटरी चार्ज होत नाही. दोष कसा शोधावा?

आपण लिहिले आहे की कॅम्पग्राउंडच्या खांबावरून 30 अँपिअरची केबल जोडल्यावर मायक्रोवेव्ह चालतो, परंतु रात्रभरानंतरही बॅटरी 12.1 व्होल्टच दाखवते. म्हणजे 120 व्होल्टचा पुरवठा आत पोहोचतो आहे आणि दोष कन्व्हर्टरमध्ये (120 व्होल्टच्या विजेवरून 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करणाऱ्या उपकरणात) किंवा त्याच्या आसपास आहे.

कन्व्हर्टरचा स्वतंत्र ब्रेकर चालू असल्याची खात्री करून, केबल जोडलेली असतानाच मल्टिमीटरने थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावे. तेथे साधारण 13.2 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. तसे नसल्यास तेच माप कन्व्हर्टरच्या आउटपुटवर घ्यावे. तेथे 13 च्या वर आणि बॅटरीवर 12.1 असेल, तर कन्व्हर्टर ठीक असून मधली वाट तुटलेली आहे. बहुतेक वेळा बॅटरी गाडीच्या वायरिंगपासून तोडणारा डिस्कनेक्ट स्विच 'स्टोरेज'वर राहिलेला असतो (संकोच वाटू देऊ नये, हे अनुभवी लोकांकडूनही होते), बॅटरीजवळचा छोटा ब्रेकर ट्रिप झालेला असतो किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट गंज चढलेला असतो.

बॅटरी नुकतीच बदलली असल्यास कन्व्हर्टरचे रिव्हर्स पोलॅरिटी फ्यूज आधी पाहावेत, कारण तारा क्षणभर जरी उलट लागल्या तरी ते उडतात. फ्यूज काढण्यापूर्वी केबल आणि बॅटरी दोन्ही सोडवावीत. फ्यूज शाबूत, आत 120 व्होल्ट येत आहेत आणि तरी आउटपुट शून्य असेल, तर कन्व्हर्टर बदलावा लागेल.

बॅटरी लिथियम असल्यास आणि बाहेर गोठवणारी थंडी असल्यास तिचे बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारी तिच्यातीलच नियंत्रण यंत्रणा) 0 अंश सेल्सिअसच्या आसपास चार्जिंग स्वतःच रोखते. तो बिघाड नव्हे.