लिथुआनियातल्या शाळेबरोबरच्या आदानप्रदानात हस्तकलेचा आठवडा कसा आखावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जर्मनीत राहता, मुलीची शाळा मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिल्नियसला जाणार आहे, 13 ते 15 वयाची 12 मुले इथली आणि 12 तिथली, विषय ‘स्थानिक वारसा आणि पारंपरिक कला’. पालक म्हणून कार्यशाळा आखायला मदत करायची आहे. यादीत गवताची कामे, अंडी रंगवणे, पट्टे विणणे, काळी मातीची भांडी आणि अंबर (झाडांच्या राळेचे जीवाश्म झालेले पिवळसर खडे) असे पाच प्रकार आहेत आणि हातात पाच दिवस.

रोज एक कला घेऊ नका, असे मी आधीच स्पष्ट सांगेन. दोन तासांत मुलांच्या हाती काहीही धड बसत नाही. पहिल्या तासात फक्त चुका होतात आणि हात वळायला लागला की बस निघायची वेळ होते. एकच कला दोन बैठकांत पूर्ण करा, दुसरी एक अर्धा दिवस करा, बाकीच्या नुसत्या पाहा. मुख्य कला म्हणून मी डोळे झाकून ‘सोदास’ निवडेन.

सोदास म्हणजे राय या धान्याच्या काडांतून दोरा ओवून केलेली टांगती रचना. शब्दाचा अर्थ ‘बाग’, अनेकवचन ‘सोदाइ’. लग्नात वधूवरांच्या टेबलावर किंवा घरातल्या मानाच्या कोपऱ्यावर ती टांगत. भाताच्या लोंब्यांचे तोरण दारावर लावणाऱ्या आपल्या लोकांना यामागची भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 2023 साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण मी ती सुचवतो ते सामान स्वस्त आहे म्हणून, आणि त्याहून जास्त या कारणासाठी की हे काम एकट्याने नीट होत नाही. एकाने सांधा धरायचा, दुसऱ्याने गाठ मारायची. एक पाहुणा आणि एक यजमान अशी जोडी बसवली की भाषा येत नसली तरी बोलावेच लागते. आदानप्रदानात याहून वेगळे काय हवे असते!

आता सामान. सगळ्यात मोठी अडचण इथेच येते. रायची कापणी जुलैच्या सुमारास होते, त्यामुळे मार्चसाठीचे काड मागच्या उन्हाळ्यात हाताने, विळ्याने कापून ठेवलेले हवे. कापणीयंत्रातून निघालेले काड चेपलेले असते, त्यातून दोरा जात नाही. पाळीव प्राण्यांसाठी पिशवीत मिळणारा पेंढा तर तुकडेच असतात. म्हणून यजमान शाळेला आजच विचारा: काड कोण देणार, ते हाताने कापलेले आहे का, कोरड्या जागी ठेवले आहे का? ‘मिळेल कुठेतरी’ असे उत्तर आले तर तिथल्या कारागिराकडूनच सामानासह कार्यशाळा ठरवा.

काडाला मध्ये पेरे असतात. पेर कापून टाकायचे, वरचे पातेरे सोलायचे आणि दोन पेरांमधली सरळ नळी घ्यायची. चार मुलांच्या गटाने एक मोठा अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंची आकृती (कड 20 सेंमी), आणि पाच छोटे (कड 10 सेंमी) करावेत. प्रत्येक अष्टफलकाला 12 नळ्या लागतात, म्हणजे मोठ्यासाठी 12 आणि छोट्यांसाठी 60. फुटणाऱ्या नळ्या धरून मोठ्या 16 आणि छोट्या 78 मोजा. छोट्या दोन एका लांब नळीतून निघतात, म्हणजे गटाला 20 सेंमीपेक्षा थोड्या लांब अशा 55 नळ्या, आणि सहा गटांना 330. दोरा लिननचा (अळशीच्या धाग्याचा) किंवा जाड सुती, मोठ्याला साडेतीन मीटर, छोट्याला दोन मीटर. नायलॉनचा दोरा नको, त्याची गाठ सुटते.

काम सुरू करण्याआधी नळ्या कोमट पाण्यात 20 ते 30 मिनिटे भिजवा, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि लागतील तशा बाहेर काढा. कोरडी नळी कात्रीखाली उभी फुटते. रात्रभर भिजवली तर फुगते, काळपट पडते. सगळ्या नळ्या पुठ्ठ्याच्या एकाच मापाने कापायच्या, मागच्या कापलेल्या नळीवरून पुढची मोजायची नाही. तसे केले की दर वेळी मिलिमीटर वाढत जातो आणि शेवटची नळी भलतीच लांब होते. जाडीप्रमाणेही वेगळ्या काढा, एका अष्टफलकात सारख्या जाडीच्याच घ्या.

बांधायची रीत अशी. चार नळ्या ओवून चौकोन करा आणि कोपरा ‘अ’ला गाठ मारा. पुढचे कोपरे ब, क, ड. ‘अ’पासून दोन नव्या नळ्या ओवून दोरा ‘ब’ला बांधा, एक त्रिकोण उभा राहील. तोच दोरा ब–क या जुन्या नळीतून नेऊन ‘क’ला आणा, पुन्हा दोन नळ्या ओवा आणि ‘ड’ला बांधा. समोरासमोर दोन त्रिकोण झाले. त्यांची वरची टोके वेगळ्या छोट्या दोऱ्याने एकत्र बांधली की वरचा पिरॅमिड तयार होतो. आता ‘ड’पासून खालच्या बाजूला दोन नळ्या ओवून ‘अ’ला बांधा, अ–ब मधून दोरा न्या, ‘ब’पासून दोन नळ्या ओवून ‘क’ला बांधा, आणि खालची टोके जोडा. एका सलग दोऱ्यात बाराही नळ्या बसतात.

इथे मुले हमखास घाबरतात. आठ-दहा नळ्या झाल्या तरी सगळे लुळे असते, चौकोन वेडावाकडा होतो, आपले चुकले असे वाटते. काही चुकलेले नसते. चौकोन स्वतःहून कधीच ताठ राहत नाही, त्रिकोण राहतो. शेवटची गाठ बसली की सगळी आकृती एकदम ताठ होते. कारागिराला हे आधीच सांगायला सांगा, नाहीतर मुले घाबरून दोरा ओढत राहतात. ओढला की दोन गोष्टी होतात: नळीचे टोक चिरते, किंवा नळीची धारदार कड दोरा कापते. गाठ घट्ट हवी, पण ताण नळ्या एकमेकींना टेकतील इतकाच.

छोट्या नळ्यांना 12 सेंमी लांब बाहुलीची सुई पुरते. नळी उभी धरून सुई वरून सोडली की वजनानेच खाली येते. मोठ्या नळ्यांसाठी बारीक तार दुमडून आकडा करा. पहिल्या अष्टफलकाला पाऊण तास धरा, नंतरचे वीस-पंचवीस मिनिटांत होतात. अडीच तासांच्या दोन बैठका ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, मधल्या रात्री काम वाळते.

जोडणी: चार छोटे मोठ्याच्या मधल्या चार कोपऱ्यांना, पाचवा आत. अष्टफलकाची उंची कडेच्या साधारण 1.4 पट असते, म्हणजे मोठा 28 सेंमी, छोटा 14. आतला छोटा वरच्या टोकापासून 7 सेंमी दोऱ्यावर सोडला की बरोबर मध्यभागी तरंगतो. गणिताच्या शिक्षकांना बरोबर न्यायला मला हे एवढे कारण पुरेसे वाटते. कोपऱ्यांचे चारही दोरे समान लांबीचे हवेत, नाहीतर सगळी रचना एका बाजूला कलते. नीट जमलेला सोदास एका दोऱ्यावर, खोलीतल्या नुसत्या हवेनेही, संथ फिरत राहतो.

घरी आणताना बहुतेकांचे मोडतात. त्यावर उपाय: न्यायच्या अष्टफलकांत वरच्या आणि खालच्या टोकांची जोडगाठ मारूच नका. मग आकृती सपाट मिटते, दोन पुठ्ठ्यांमध्ये बॅगेत बसते, आणि घरी दोन गाठी मारल्या की उभी राहते.

दुसरी, अर्ध्या दिवसाची कला म्हणून ‘वेर्बा’, म्हणजे वाळलेल्या फुलांची कांडी, घ्या, कारण तारखा तुमच्या बाजूने आहेत. 4 मार्च हा संत काझिमिएरासचा दिवस. त्याच्या आसपासच्या शुक्रवार ते रविवार व्हिल्नियसच्या जुन्या शहरात ‘काझ्युको मुगे’ ही मोठी जत्रा भरते आणि वेर्बा हीच तिची ओळख आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये न्यायची ही वाळलेल्या फुला-गवतांची कांडी. देशात इतरत्र ज्युनिपर या सदाहरित झुडपाची फांदी नेतात, पण व्हिल्नियसच्या आसपासच्या खेड्यांत फुलांची वेर्बा बांधायची खास परंपरा आहे. चेकोनिश्केस गावात त्यासाठी एक जुने घर संग्रहालयासारखे जपले आहे, कार्यशाळेसाठी तिथे चौकशी करता येईल. बारीक काठीच्या टोकापासून खाली, एकेक ओळ दोऱ्याने आवळत जायचे: वर गवताचा तुरा, खाली रंगांचे पट्टे. यात चूक एकच होते, दोरा सैल राहतो. देठ आणखी वाळून आकसले की महिनाभराने फुले गळू लागतात. प्रत्येक ओळीला दोन वेढे घट्ट द्या आणि पुढची ओळ मागच्या देठांवर चढवा. फुले फार कोरडी असतील तर देठांवर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे चुरा होत नाही. परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांची नावे आधीच कळवा.

अंडी रंगवणे, म्हणजे ‘मार्गुच्याइ’, एका संध्याकाळी यजमान घरांतच करू द्या. काठीला टोचलेल्या टाचणीच्या डोक्याने वितळलेले मधमाशीचे मेण टेकवून ओढायचे, थेंबासारखी रेघ उमटते. मग रंगात बुडवायचे, शेवटी मेणबत्तीच्या बाजूला (ज्योतीच्या वर नव्हे, काजळी धरते) धरून मेण पुसायचे. फ्रीजमधून काढलेल्या अंड्याला घाम येतो आणि मेण सुटते, म्हणून अंडी दोन तास आधी बाहेर काढा. हे मेण 62-64 अंशांना वितळते, तेव्हा रंगाचे पाणी गार किंवा फार तर कोमट हवे. कांद्याच्या सालींचा रंग उकळून, गाळून, पूर्ण गार करून वापरा. लांब केस बांधायला लावा. तुमच्या घरी अंडे चालत नसेल तर लाकडी अंड्यांवरही हेच काम करता येते, फक्त तसे आधी सांगावे लागते.

पट्टे विणणे (‘युओस्ता’) सुंदर आहे, पण दोरे ताणून मांडण्यातच सकाळ जाते. कारागिराने आधीच माग लावून ठेवला असेल तर प्रत्येकाने दहा ओळी विणून पाहाव्यात, तेवढे पुरे. काळ्या भांड्यांची कार्यशाळा मात्र नकोच. मातीचे भांडे वाळायला आठवडा किंवा जास्त लागतो, ओले भट्टीत घातले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटते. म्हणजे मुले माती थापतील आणि आपले भांडे काळे झालेले कधी पाहणारच नाहीत. त्यापेक्षा कुंभाराकडे भट्टी बघायला जा. भाजणीच्या शेवटी राळ असलेले पाइनचे लाकूड घालून भट्टी मातीने बंद करतात, हवा कोंडते, धुराचा कार्बन मातीत शिरतो आणि भांडे काळे होते. चकाकी लेपाची नसते, गुळगुळीत दगडाने घासून आणलेली असते.

अंबर जत्रेत भरपूर दिसेल. काचेची नक्कल ओळखायला संपृक्त मिठाचे पाणी पुरते: अंबर तरंगते, काच बुडते. काही प्लास्टिकही तरंगते, म्हणून महाग वस्तू रस्त्यावर घेऊ नका. वस्तूवर ‘राष्ट्रीय वारसा उत्पादन’ असा प्रमाणित शिक्का असेल तर ती पारंपरिक पद्धतीने केलेली आहे याची खात्री धरता येते. नाहीतर विक्रेत्याला एकच विचारायला शिकवा: हे तुम्ही स्वतः केले का? ज्याने केले तो थांबून दाखवतो.

कौनासजवळच्या रुमशिश्केसच्या खुल्या संग्रहालयाची सहल कार्यक्रमात असेल तर नीट चौकशी करा. परिसर वर्षभर खुला असला तरी जुन्या घरांची दारे थंडीच्या महिन्यांत बहुधा बंद असतात. मार्चच्या सुरुवातीला तापमान शून्याच्या आसपास असते आणि जत्रेत तासन्‌तास उभे राहावे लागते, तेव्हा जाड तळव्याचे बूट हवेत.

मुलीने तिथे सांगण्यासारखे आपल्याकडेही बरेच आहे. लिथुआनियन ‘मेदुस’ म्हणजे मध, ‘दान्तिस’ म्हणजे दात, ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमास’ म्हणजे धूर (संस्कृत धूम), ‘सूनुस’ म्हणजे मुलगा (संस्कृत सूनु). दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, एक दुसरीतून निघालेली नाही, हे मात्र तिने नीट सांगावे. त्यांचे लाडके झाड ‘रूता’ आपल्या परसातली सताप आहे. तिकडे कुमारिकेच्या मुकुटात ती असते आणि अंड्यांवरच्या नक्षीतही तिच्या डहाळ्या दिसतात. झाड दिसले तर हाताळू नका, तिचा रस त्वचेला लागून ऊन पडले तर फोड येतात.

जेवणाचे: बटाट्याचे मोठे गोळे ‘त्सेपेलिनाइ’ बहुधा मांस भरून करतात, पण दह्याच्या चक्क्यासारख्या पनीरचेही मिळतात. शाकाहारी असाल तर ‘मासे चालतात का, अंडी चालतात का’ हे दोन वेगळे प्रश्न म्हणून यजमान कुटुंबाला लिहून कळवा. भेट म्हणून फुले न्यायची तर विषम संख्येत, आणि उंबऱ्यावरून हात मिळवू नका.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा निवास परवाना, दोन्ही मूळ प्रती बरोबर हव्यात. वैध परवान्यावर 180 पैकी 90 दिवस शेंगेनमध्ये फिरता येते, वेगळा व्हिसा लागत नाही. सरकारी आरोग्यविमा असेल तर विमाकार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्यकार्ड छापलेले असते, ते तिथेही चालते. विमा खासगी असेल तर परदेशातल्या उपचारांचे कलम आधी वाचा.

यजमान शाळेला पहिली ईमेल मात्र काडाबद्दलच लिहा.