वाचकांचे प्रश्न: प्रायॉरिटी ० चा इंटरप्ट आणि अधूनमधून येणारा हार्डफॉल्ट

प्रश्न: कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलर प्रोसेसर) वर मोटर कंट्रोलचं काम चालू आहे. टायमरचा इंटरप्ट दर ५० मायक्रोसेकंदांनी येतो, त्याचं हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) असेंब्लीत लिहिलंय, प्रायॉरिटी ० ठेवलीये आणि वर फ्रीआरटीओएस (छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. करंट मर्यादेबाहेर गेला की हँडलरमधूनच क्यूमध्ये मेसेज टाकतो. तासन्‌तास नीट चालतं आणि मधेच हार्डफॉल्ट (प्रोसेसरला पुढे जाता न येणारी गंभीर चूक) येतो. पीसी (प्रोग्राम काउंटर, म्हणजे चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) बघितला तर दर वेळी कर्नलच्या, म्हणजे फ्रीआरटीओएसच्या गाभ्याच्या, लिस्टच्या कोडमध्ये असतो. फ्रीआरटीओएसमध्ये बग आहे का?

उत्तर: नाही हो, कर्नलला दोष देऊ नका, घोळ तुमच्या हँडलरने केलाय आणि तो उघडकीला कर्नलमध्ये येतोय. कॉर्टेक्स-एमवर आकडा जितका लहान तितकी प्रायॉरिटी वरची, हे तुम्हाला माहीतच आहे, पण फ्रीआरटीओएस क्रिटिकल सेक्शनमध्ये (मधे तोडून चालणार नाही अशा कोडमध्ये) शिरताना सगळे इंटरप्ट बंद करत नाही, फक्त बेसप्राय रजिस्टरमध्ये एक पातळी लिहितं आणि त्या पातळीचे व त्याखालचे इंटरप्ट थोपवून धरतं. त्याहून वरचे चालूच राहतात, आणि ० ला तर बेसप्राय कधीच अडवू शकत नाही, कारण तिथे ० लिहिणं म्हणजेच मास्क काढणं. म्हणजे कर्नल लिस्टमधले पॉइंटर जोडत असताना, अर्धे जोडून झालेत अर्धे बाकी आहेत अशा वेळी तुमचं हँडलर मधे घुसतं आणि त्याच लिस्टला हात लावतं. ही गाठ मोजक्या इन्स्ट्रक्शनच्या फटीत पडावी लागते, म्हणून तर तासन्‌तास काही होत नाही.

नियम सरळ आहे, मॅक्स सिसकॉल प्रायॉरिटीच्या (बेसप्रायमध्ये लिहिली जाते तीच पातळी) वरच्या इंटरप्टमधून कर्नलचं एकही फंक्शन बोलवायचं नाही, नावात फ्रॉम-आयएसआर असलेलं (इंटरप्टमधून बोलवायसाठीच बनवलेलं) सुद्धा नाही. प्रायॉरिटी ० सोडायची नसेल तर हँडलरमध्ये फक्त करंटचं रीडिंग स्वतःच्या बफरमध्ये टाका आणि न वापरलेली एखादी इंटरप्ट लाइन सॉफ्टवेअरने पेंडिंग करा, तिची प्रायॉरिटी खालची ठेवा आणि क्यूचं काम तिच्या हँडलरमध्ये करा. पेंडएसव्ही (प्रोसेसरची अंगभूत सॉफ्टवेअर इंटरप्ट) मात्र घेऊ नका, ती टास्क बदलायला कर्नलच वापरतं.

आणखी एक गोष्ट बघा, ही असेंब्लीवाल्यांना फार चकवते. बऱ्याच चिपमध्ये प्रायॉरिटीचे वरचेच ४ बिट असतात, त्यामुळे ५ हवी असेल तर रजिस्टरमध्ये ८० (दशमान, हेक्समध्ये ०x५०) लिहावं लागतं. नुसतं ५ लिहिलंत तर खालचे बिट गळून जातात आणि प्रायॉरिटी गुपचूप ० होते! कॉन्फिग-असर्ट (फ्रीआरटीओएसची चुका पकडायची सोय) चालू ठेवा, फ्रॉम-आयएसआर फंक्शन स्वतःच हे तपासतात आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

आता हँडलरकडे वळू. इंटरप्ट येताना हार्डवेअर आर० ते आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता ठेवणारं), पीसी आणि स्टेटस एवढंच स्टॅकवर ठेवतं. आर४ ते आर११ वापरलेत तर ते तुम्हीच जपायचे, नाहीतर ज्या टास्कला अडवलं तिचा डेटा बिघडतो आणि क्रॅश भलतीकडेच होतो. एफपीयूचंही (दशांश गणित करणाऱ्या भागाचंही) तसंच, एस१६ पासून पुढचे रजिस्टर तुमच्या जबाबदारीवर. ओव्हरकरंटच्या फांदीत बीएल (फंक्शन बोलवायची इन्स्ट्रक्शन) असेल तर एलआरमधली परतीची खास किंमत पुसली जाते आणि शेवटचं बीएक्स एलआर (एलआरमधल्या पत्त्यावर परतणं) तुम्हाला त्या बीएलच्या पुढच्याच ओळीवर आणून सोडतं, झालं, हँडलर कधी संपतच नाही. सुरुवातीला एलआर पुश करा, पण एकटा नको, सोबत आर४ पण, कारण सी फंक्शन बोलवताना स्टॅक ८ बाइटला अलाइन असावा लागतो.

हार्डफॉल्टचं हँडलर रिकामा लूप ठेवलं असेल तर आजच बदला. एलआरचा बिट २ तपासून एमएसपी का पीएसपी (मुख्य स्टॅक का टास्कचा स्टॅक) ते ठरवा, त्या पत्त्यापासून २४ बाइटवर अडकलेला पीसी मिळेल, २० वर एलआर, आणि सोबत सीएफएसआर (फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर) पण साठवा. त्यात इम्प्रिसाइजचा बिट लागला असेल तर त्या पीसीवर भरवसा ठेवू नका, चुकीचं राइट त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. आणि यूसेज-फॉल्ट (चुकीच्या इन्स्ट्रक्शनसारख्या चुकांचा फॉल्ट) वेगळा चालू करूनही हार्डफॉल्टच का येतो म्हणून गोंधळू नका, प्रायॉरिटी ० च्या हँडलरमध्ये फॉल्ट झाला की तो थेट हार्डफॉल्टवरच चढतो.

प्रश्न: मग वरच्या प्रायॉरिटीचं सगळं असेंब्लीतच लिहावं का?

उत्तर: कॉर्टेक्स-एमवर गरज नाही, काही रजिस्टर हार्डवेअर वाचवतं आणि बाकीचे कंपाइलर जपतो म्हणून सी मधलं साधं फंक्शन हँडलर म्हणून चालतं, आणि एम४ वर आत शिरायला १२ सायकलच लागतात. आधी ओ२ (कंपाइलरची ऑप्टिमायझेशन पातळी) ने कंपाइल करून मोजा. ईएसपी३२ (वेगळ्या जातीची चिप) वर मात्र लेव्हल ४ पासून वर असेंब्लीच लागते, आणि कोड आयरॅममध्ये (चिपच्या आतल्या रॅममध्ये) ठेवावा लागतो, कारण फ्लॅशवर लिहिणं चालू असताना कॅशे बंद असते, म्हणजे फ्लॅशमधला कोड वाचता येत नाही, आणि तेव्हाच इंटरप्ट आला तर क्रॅश ठरलेला.